उपदेशकांसाठी राखलेली खोली

शैलजाबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर एक खोली होती आणि त्या खोलीला कायम कुलूप असे. आत पलंग, त्यावर परीटघडीची चादर, टेबल-खुर्ची आणि भिंतीवर क्रूस. बाहेरगावाहून येणाऱ्या उपदेशकांसाठी त्यांनी ती राखून ठेवली होती. सिल्वासातल्या त्यांच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीत या खोलीचं कोण कौतुक! नाताळच्या सुमारास कुणी पाहुणे येत, उन्हाळ्यातल्या सभांना आणखी कुणी. बाकी वर्षभर तिथे फक्त धूळ वस्तीला असायची, आणि दर शनिवारी शाळेतून आल्यावर शैलजाबाई तिलाही बाहेर काढत.

बाई वाईट होत्या असं मात्र कुणी समजू नये. शाळेत जीव ओतून शिकवायच्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. चर्चमध्ये पाळकांनी बायबलमधलं अर्धं वचन म्हटलं की उरलेलं अर्धं यांच्या ओठांवर तयार. ऐकण्यात त्यांचा हात धरणारं मंडळीत दुसरं कुणी नव्हतं.

त्या रविवारी पाळकांनी विषय घेतला होता तो परक्याला घरात घेण्याचा. गरजवंतासाठी जे कराल ते ख्रिस्तासाठीच केलंत असं समजा, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. शैलजाबाईंनी दोनदा डोळे पुसले. उपदेश संपल्यावर नेहमीप्रमाणे प्रार्थनेच्या विनंत्या सुरू झाल्या, आणि मागच्या रांगेतून सोनी उठली.

सोनी नंदुरबारकडची. नरोलीच्या एका कारखान्यात धाग्याच्या मशीनवर कामाला होती, तिथेच भाड्याच्या खोलीत राहायची.

"मला टीबी झालाय," ती खाली मान घालून म्हणाली. "गोळ्या चालू हायेत. डॉक्टर बोलले, आता माझ्यापासून कोणाला लागणार नाही. पण रूमवाला ऐकत नाही. मंगळवारी खाली कर बोलला. दुसरीकडे विचारलं, कोणी देत नाही. आमच्या पाड्यावरून दवाखाना लई लांब पडतो. गावाला गेले तर गोळ्या सुटतील. माझ्या भावाच्या अशाच सुटल्या होत्या. तो राहिला नाही."

सभेत चुळबुळ झाली. तिच्या शेजारची बाई नकळत थोडी सरकली. पाळकांनी शैलजाबाईंना प्रार्थना करायला सांगितलं. त्या उठल्या, हात वर केले आणि भरल्या गळ्याने म्हणाल्या, "हे प्रभो, तुझ्या या लेकराच्या डोक्यावर छप्पर दे! कुणाचं तरी मन मोकळं कर, कुणाचं तरी दार उघड!"

"आमेन!" सगळे एका सुरात म्हणाले.

उपासनेनंतर चहा होता. खानवेलहून बसने येणाऱ्या म्हाताऱ्या केसरबाई कप घेऊन शैलजाबाईंजवळ येऊन टेकल्या.

"पोरी, प्रार्थना लय चांगली केलीस. माझे तर डोळेच भरले."

"देवाची कृपा, मावशी."

"पन मला एक कळलं नाय. तू देवाकडं खोली मागत होतीस. ती तर तुझ्याकडंच हाय ना?"

"ती देवाच्या सेवकांसाठी आहे, मावशी."

"आन सोनी कोनाची हाय?"

"तसं नव्हे हो. पण टीबी म्हटल्यावर शेजारीपाजारी काय म्हणतील? शिवाय सभेसाठी नाशिकचे उपदेशक यायचेत."

"डागतर सांगतो लागत नाय, ते तुला कळतं. आज पाळकांनी सांगितलं, ते बी कळलं. आता कळायचं काय राहिलं? कोनाचं तरी दार उघड म्हनतेस, तर देव काय येऊन तुझं कुलूप तोडनार हाय?"

शैलजाबाईंना राग आला. म्हातारी स्वतःला समजते कोण! घरी जाईपर्यंत त्या मनातल्या मनात तिच्याशी भांडत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी हरत राहिल्या. दुपारी हातात घेतलेलं काम धड होईना. वरच्या खोलीकडे तर बघवेना.

"मंडळीनं त्या मुलीसाठी काहीतरी करायला हवं," सोमवारी त्या नवऱ्याला म्हणाल्या.

रघुनाथराव चहात पाव बुडवत होते. "करेल की मंडळी."

"मंडळी म्हणजे कोण हो?" त्या एकदम कडाडल्या. "तुम्ही, मी, केसरमावशी, पाळक. यात रिकामी खोली कुणाकडे आहे?"

रघुनाथरावांचा पाव चहात विरघळून गेला.

मंगळवारी शैलजाबाई शाळेत गेल्या खऱ्या, पण फळ्यावर काय लिहितोय याचंच त्यांना भान नव्हतं. मधल्या सुट्टीत त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रिक्षाने नरोली गाठली. सोनीच्या खोलीत दुसरीच माणसं सामान लावत होती. "वो तो डेपो गयी," त्यांतला एक जण म्हणाला.

रिक्षा परत फिरवली. वाटेत ट्रकच ट्रक. बाईंचा जीव टांगणीला लागला. ही पोर गेली, तर तिला घालवण्यात रूमवाल्याइतकाच आपलाही हात, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

डेपोत वापी स्टेशनला जाणारी बस उभी होती. सोनी पिशवी उचलून दाराकडे निघाली होती. बाईंना बघताच तिचा चेहरा खुलला.

"मावशी! तुम्ही माझ्यासाठी एवढी प्रार्थना केली, लई बरं वाटलं मला."

हे ऐकून शैलजाबाईंना रडू कोसळलं. "बरं कसलं वाटलं, पोरी! खोली माझ्याच घरात रिकामी होती, आणि मी देवापुढे हात पसरत होते! आण ती पिशवी. घरी चल."

"पण माझा आजार... लोकं बोलतील तुम्हाला."

"बोलू देत! आजवर लोकांनी कौतुक केलं तेवढं पुरे झालं."

घरी रघुनाथराव दारात उभे होते. त्यांनी सोनीकडे पाहिलं, बायकोच्या रडवेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वर जाऊन खोलीच्या खिडक्या उघडल्या.

लोक बोलले. मंडळीतल्या दोन बायकांनी घरी येणं सोडलं. नाशिकच्या उपदेशकांना हॉलमध्ये झोपावं लागलं, त्यांची पाठही धरली. पण आपल्या सभेत त्यांनी उपदेश आटोपता घेतला आणि सोनीला दवाखान्यात ने-आण कोण करेल ते विचारलं. तीन हात वर झाले, त्यांतला एक रघुनाथरावांचा होता. पावसाळा सरता सरता सोनीच्या गोळ्या पूर्ण झाल्या आणि ती पुन्हा कामावर जाऊ लागली.

मित्रहो, चर्च असो, देऊळ असो की एखादी सभा, आपण सगळे चांगलंच ऐकतो. ऐकून डोळे पाणावतात, आणि डोळे पाणावले की आपलं काम झालं असं आपल्याला वाटतं. ते तिथे संपत नाही, तिथून सुरू होतं. म्हणून कुणासाठी देवाकडे काही मागाल, तेव्हा ते आपल्याच घरात पडून नाही ना, एवढं आधी बघा. असेल, तर उठा आणि देऊन या. आमेन काय, मागाहूनही म्हणता येतं!