साठ यार्डांची रेघ

कनेला गावात कुणी देवाची शपथ खोटी घेतली तर लोक एक वेळ समजून घेत, पण सेनोन मास्तरांची रेघ खोटी म्हणायची सोय नव्हती. उसाच्या मळ्यांमध्ये त्यांचं पोरांना बेसबॉल शिकवायचं मैदान होतं आणि त्याच्या उजव्या कडेला चुन्याच्या दोन रेघा होत्या. एका रेघेवरून पळ सुरू करायची, दुसरीवर संपवायची. मध्ये साठ यार्ड. पोरगं किती जोरात पळतं हे संघांसाठी पोरं निवडणारे पारखी सगळीकडे याच अंतरावर बघतात. सात सेकंदांच्या आत आलं तर ठीक, पावणेसातच्या आत आलं तर चांगलं, आणि साडेसहाच्या आत आलं तर पारखी वहीतून मान वर काढतो.

हे अंतर मास्तरांनी स्वतः मोजलेलं होतं, बावीस वर्षांपूर्वी. त्याआधी ते साखर कारखान्याच्या जमीनमोजणीत दोरी धरायचे. तिकडे जमीन मोजतात तारेआ नावाच्या चौकोनी मापात, आणि तारेआच्या एका बाजूला बरोबर एक दोरी लागते, तिसाची. दोन दोऱ्या म्हणजे साठ. यात चुकायला जागाच कुठे होती? मोजणीतून सुटताना त्यांनी ती दोरी मागून घेतली होती आणि दरवर्षी ऊस तुटला की तिच्यावरून रेघा नव्या करत होते. आपल्या हातून माप चुकेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. स्वभावच तसा. बायकोने भातात मीठ जास्त घातलं तरी ते तिला चिमटीचं माप सांगायचे.

एवढं सगळं असून बावीस वर्षांत मास्तरांचं एकही पोर कुठल्या संघाने घेतलं नव्हतं. आपल्या मैदानावर ती पोरं वाऱ्यासारखी पळत. मास्तर त्यांना बसने शहराजवळच्या, गोऱ्यांच्या संघांच्या अकादम्यांमध्ये घेऊन जात, आणि तिथं पोहोचलं की पायांत शिसं ओतल्यासारखी सगळी मंद होत. मास्तरांकडे याचं उत्तर तयार होतं. घरी वाघ, बाहेर शेळी. गोऱ्यांसमोर यांचे पाय लटपटतात, त्याला मी काय करू, असं ते दुकानाच्या पायरीवर बसून ऐकवत आणि ऐकणारे माना डोलावत.

सगळ्यात मोठी शेळी निघाला होता त्यांचा स्वतःचा मुलगा. आन्येलो घरच्या रेघेवर साडेसहात यायचा. नऊ वर्षांपूर्वी अकादमीत तो आला सात-शून्य-दोन सेकंदांत. परतल्यावर मास्तरांनी सगळ्या पोरांसमोर त्याला म्हटलं होतं, की तुझ्या पायांत काही कमी नाही, कमी आहे ती छातीत. त्या दिवसापासून आन्येलोने मैदानावर पाऊल ठेवलं नव्हतं. तो भाड्याने मोटारसायकल चालवायचा. आईला भेटायला घरी यायचा, बाप समोर आला की डोकं खाली घालून जेवायचा आणि निघून जायचा. मास्तर वरून म्हणत, गेला तर गेला. आतून त्यांना ते सलत होतं, पण हरलेल्या पोरापुढे बापाने का वाकायचं हे त्यांना कळत नव्हतं.

आणि त्या शनिवारी तोच आन्येलो मैदानावर आला. त्याचा इलाज नव्हता. रुबिएरा नावाचा पारखी पहिल्यांदाच स्वतः कनेलात येत होता. उसाच्या गाड्यांनी रस्ता खणून ठेवलेला, म्हणून त्याने आपली गाडी नाक्यावर ठेवून भाड्याची मोटारसायकल धरली, आणि ती नेमकी आन्येलोची निघाली. परत न्यायचं असल्यामुळे आन्येलोला थांबणं भाग होतं. तो आंब्याच्या सावलीत गाडीवरच बसून राहिला. बापलेकांची नजरानजर झाली, तेवढीच.

रुबिएरा आला होता येर्लिनसाठी. येर्लिन म्हणजे बेनिताचा मुलगा, पंधरा संपत आलेला, लांब टांगांचा, बोलायला लाजणारा. मास्तरांच्या घड्याळात तो सहा-तीसच्या आसपास यायचा. आज त्याने तीच पळ दाखवली तर कनेलाचं पहिलं पोर संघात जाणार होतं आणि मास्तरांच्या बावीस वर्षांचं चीज होणार होतं. बेनिता पहाटेपासून मैदानाच्या कडेला बसली होती. मुलासाठी केलेली उकडलेल्या केळ्यांची भाजी डब्यात गार होत होती.

रुबिएराने हाताच्या घड्याळावर भरवसा ठेवला नाही. त्याने पिशवीतून दोन खांब काढले, त्यांना विजेचे डोळे. पोरगं समोरून गेलं की डोळा आपोआप वेळ धरतो. खांब त्याने मास्तरांच्या दोन रेघांवर उभे केले. येर्लिनने क्रूसाची खूण केली आणि पळाला.

आकडा आला सहा-एकतीस.

रुबिएराने यंत्र हातावर आपटून बघितलं. पुन्हा पळ म्हणाला. पोरगं दम खाऊन पुन्हा पळालं. सहा-चौतीस. आता रुबिएराने वहीतून मान वर काढली. तीस वर्षं पोरं बघतोय, असा आकडा मी दोनदाच पाहिलाय, असं तो हळूच म्हणाला. बेनिता रडायला लागली. पोरांनी येर्लिनला खांद्यावर घेतलं. मास्तरांनी टोपी काढून डोकं पुसलं, आणि त्यांचं लक्ष आपसूक आंब्याकडे गेलं. बघ, घरचा वाघ बाहेरच्यासमोरही वाघ राहू शकतो, असं त्या बघण्यात होतं.

रुबिएराने संघाच्या साहेबांना लावायला फोन काढला. काढला आणि परत खिशात ठेवला. मग त्याने पिशवीतून फुटांची लांब फीत काढली आणि इकडेतिकडे बघून जो रिकामा दिसला त्याला हाक मारली. “ए दादा, हे टोक धर जरा त्या रेघेवर.”

तो दादा म्हणजे आन्येलो. तो गाडीवरून उतरला, फितीचं टोक घेऊन पहिल्या रेघेवर उकिडवा बसला. रुबिएरा फीत सोडत गेला. साठ यार्डांचे फूट होतात एकशे ऐंशी. दुसऱ्या रेघेवर फीत आली एकशे चौसष्ट फूट सात इंचांवर.

पोरांनी येर्लिनला खाली उतरवलं. मास्तर म्हणाले, फीत ताणली नसेल. पुन्हा मोजलं. तेच. मास्तर म्हणाले, मग तुमची फीतच खोटी. ते तरातरा घरी गेले आणि दोरी घेऊन आले. दोरी फितीला लावली. जुनी असून ती एका बोटानेही आटली नव्हती.

“ही दोरी कितीची, मास्तर?” रुबिएराने विचारलं.

“तिसाची.”

“तीस काय?”

“तीस व्हारा. तारेआची बाजू तीस व्हारा असते, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.”

“आणि यार्ड?”

“तेच की. आपण व्हारा म्हणतो, गोरे यार्ड म्हणतात. शेंग एकच, नाव वेगळं.”

रुबिएरा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. “व्हारा लहान असतो, मास्तर,” तो म्हणाला. “चार बोटांइतकाच, पण लहान असतो. साठांत मिळून पंधरा फूट गेले तुमचे.”

मास्तरांना पहिल्यांदा वाटलं, की लोक आपल्याला लबाड म्हणतील. तसं कुणी म्हटलं नाही. बेनिता डबा मांडीवर धरून तशीच बसली होती. पोरं त्या रेघेकडे बघत होती. लहानपणापासून जिच्याकडे जीव तोडून पळाली ती रेघ. सगळे हादरले होते. एकटा आन्येलो सोडून. तो फीत गुंडाळत होता, शांतपणे, आणि त्याचा चेहरा बघून मास्तरांना वाटलं, याला हे आधीच ठाऊक होतं.

मग त्यांनी हिशेब केला. सहा-एकतीसमध्ये पंधरा फूट मिळवले तर होतात जवळपास सहा-पंच्याऐंशी. अर्ध्या सेकंदाचा फरक. साडेसहामध्ये अर्धा मिळवला तर? सात. सात-शून्य-दोन. त्यांनी बोटांवर पुन्हा मोजून बघितलं आणि तिथंच बाकावर बसले. आन्येलो मंद पळालाच नव्हता. तो जसा घरी पळायचा तसाच तिथं पळाला होता, कणभर कमी नाही. आणि त्याच्याआधीची सगळी पोरं, त्याच्यानंतरची सगळी. एकाचेही पाय लटपटले नव्हते.

रुबिएराने खांब खऱ्या अंतरावर नेले आणि येर्लिनला तिसऱ्यांदा पळवलं. दमलेला होता, सहा-अठ्ठ्याऐंशीत आला. मास्तरांनी मान खाली घातली. सवयीने त्यांच्या तोंडात शब्द येत होते, की चल बाबा, घरी चल. पण रुबिएरा वहीत लिहिताना म्हणाला, “सहा-अठ्ठ्याऐंशी वाईट नाही. चमत्कार नाही, पण वाईट नाही. हात कसा आहे त्याचा?”

मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. येर्लिन मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि तिथून त्याने पार पलीकडच्या तिसऱ्या खुणेवर चेंडू फेकले. वेग मोजायच्या बंदुकीत ताशी नव्वद मैल आले, मग एक्याण्णव. रुबिएराने फोन पुन्हा काढला आणि या वेळी लावला. आठवडाभर अकादमीत राहायला पाठवा, बघू, असं त्याने बेनिताला सांगितलं. पायांचं पुढचं पुढे, असा हात आम्हाला रोज मिळत नाही, असंही म्हणाला.

मास्तर आंब्याकडे निघाले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच ते मुलाकडे चालत जात होते. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, आणि तोंडातून आलं ते असं. “दोरी चुकली रे.”

“हो.”

“तुला ठाऊक होतं?”

“आपल्या इथं पंचविसाव्या पावलाला रेघ यायची, पपा. तिथं सत्ताविसाव्याला आली. मी त्याच रात्री बसमध्ये तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, नाचता येईना अंगण वाकडं.”

मास्तरांनी आठवून बघितलं. बस आठवली, शेजारचा कोंबडीवाला आठवला, चालकाने लावलेलं गाणंसुद्धा आठवलं. ते बोलणं काही आठवेना. इतकं मोठं काही आपण बोललो आणि ते आपल्यापाशी शिल्लकच नाही.

“मला माफ कर,” ते म्हणाले. “त्या दोरीने तुझं वाटोळं केलं.”

“दोरीवर माझा राग नाही,” आन्येलो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, तो खरंच समजावून सांगत होता. “सात-शून्य-दोनला ते नाही म्हणाले नव्हते. त्यांच्या माणसाने तुम्हाला सांगितलं होतं, उद्या सकाळी याचा हात बघू, रात्री इथंच राहू द्या. मी शेजारीच उभा होतो.”

“मग?”

“मग काय. तुम्हाला लाज वाटली. तुम्ही माझी पिशवी उचललीत आणि रात्रीच्या बसने मला घरी आणलंत.”

रुबिएरा खांबांची पिशवी घेऊन आला आणि मागे बसला. आन्येलोने गाडी सुरू केली. मास्तर बाजूला झाले, कारण ते वाटेतच उभे होते.