दोन झटके

इसानोने दोराला दोन झटके दिले. वरून ओढ आली नाही.

पुन्हा दोन दिले. चाळीस वर्षं तिचा नवरा यासोकिची पहिल्याच झटक्यांना तिला होडीकडे खेचून घेत आला होता. आज दोर नुसताच लोंबत होता. छाती फुटायला आली तशी तिने हातातले शिंपले टाकले, कमरेचं शिशाचं वजन सोडलं आणि जीव खाऊन पाय मारले. होडीची कड हाताला लागली तेव्हा वर आल्यावर कोंडलेला श्वास सोडताना तोंडून निघणारी नेहमीची शीळसुद्धा निघेना.

यासोकिची निवांत टोपीची नाडी ओवत बसला होता. दोर त्याच्या पायाशी पडला होता.

"अगं," तो म्हणाला, "तू कधी उतरलीस?"

खाली होती त्याहून जास्त भीती तिला आता वाटली. खाली निदान कशाला भ्यायचं ते ठाऊक होतं.

परतताना मात्र त्याने खडकांमधून होडी बिनचूक काढली.

काठावरच्या खोपटात बायका शेकत बसल्या होत्या. रिकामी जाळी बघून शेजारची हात्सुए म्हणाली, नवऱ्याशी भांडलीस वाटतं. खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होणार, आणि उद्यापासून लोक यासोकिचीशी लहान पोराशी बोलावं तसं बोलणार. ते इसानोला सोसवलं नसतं. पण त्याच्या हाती दोर देऊन पुन्हा बुडी मारायची हिंमतही तिच्यात उरली नव्हती.

"ओइता," ती म्हणाली. "मी म्हातारी झाले, हात्सुए. उद्यापासून काठानेच, कमरेएवढ्या पाण्यात."

ओइता, म्हणजे म्हातारी झाले, हा शब्द त्या खोपटात कोणी उच्चारत नसे. उच्चारला की बाईचं होडीवरून बुडी मारणं कायमचं सुटलं. गेल्याच आठवड्यात सगळ्यांहून जास्त शिंपले इसानोने काढले होते. हात्सुएने भाजलेलं रताळं तिच्या हातात ठेवलं.

यासोकिचीने बाहेर दोर गुंडाळता गुंडाळता सगळं ऐकलं होतं. घरी जाताना तो तिच्यासाठी मुद्दाम सावकाश चालत होता. बोलण्याच्या नादात घराचं वळण मागे टाकून तो तसाच पुढे निघाला. इसानोने त्याच्या बाहीला दोन झटके दिले. तो लगेच थांबला.

"वय झालं की होतं असं," तिच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला. "भिऊ नकोस. मी आहे ना वर."