दोरीचं उदाहरण

"आता समजा, ही एक दोरी आहे," धर्मपाल म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की आपण कच खाल्ली.

पहिल्या रांगेत त्याचे वडील डोमाजी बसले होते. धुवट धोतर, डोक्यावर नवी टोपी. शेजारी अकोल्याहून आलेले नत्थुजी. उजवा हात कायमचा आखडलेला. अमरावतीच्या कॉलेजात विज्ञान मंडळापुढे प्राध्यापक पोराचं भाषण, म्हणून दोघे म्हातारे सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.

घरी आरशासमोर भाषण आठवडाभर घोटलं होतं. पृथ्वीच्या चुंबकत्वाला सूर्याच्या उलट बाजूला लांबच लांब शेपूट असतं, हे अवकाशयानांनी नुकतंच दाखवलं होतं. त्या शेपटात तापलेले कण चुंबकरेषांच्या लांबीने फार जोरात धावू लागले आणि त्या मानाने आडवा जोर कमी पडला, की रेषाच वळवळू लागतात. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं होतं बंबाच्या पाइपाचं. 'पाणी स्वतःच्याच जोराने पाइपाला उसळवतं. धरणाऱ्या हाताचा त्यात दोष नसतो,' हे वाक्य धर्मपालला फार आवडलं होतं.

पण असाच एक पाइप अठरा वर्षांमागे, डोमाजी आणि नत्थुजी आगीच्या बंबावर कामाला असताना, अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात रुईला आग लागली तेव्हा, डोमाजींच्या हातून सुटला होता. त्याच्या तडाख्याने नत्थुजींचा खांदा मोडला. तेव्हापासून डोमाजींना सगळे 'पाइपसोड्या' म्हणू लागले. त्या दोघांच्या तोंडावर पाइपाचं नाव काढायला धर्मपालची जीभ रेटेना. म्हणून दोरी.

"धर्मपालसाहेब," केमिस्ट्रीचे रऊफ सर मागून म्हणाले, "रस्सी तो ठीक है, पन तिले हलवते कोन?"

हशा पिकला. धर्मपालने खडू उचलला, परत ठेवला. भाषण कसंबसं उरकलं.

संध्याकाळी बापलेक नत्थुजींना मोटार स्टँडवर पोचवायला गेले. गाडी हलली तसे नत्थुजी खिडकीतून ओरडले, "भाषन बेस झालं, मास्तर! दोरीचं तं मलेबी समजलं!"

धूळ खाली बसली तसे डोमाजी पोराकडे वळले.

"पाइपाचं काऊन गाळलं रे, धर्मा?"

"बाबा, तुमी दोघं समोर बसले होते. कसं सांगू?"

"आरशाले तं रोज सांगे. धरनाऱ्याच्या हाताचा दोष नसते म्हने." डोमाजींनी टोपी काढून झटकली. "त्याच्यासाठीच तं नत्थुजीले बलावलं होतं. म्या सांगून कोन मानते? तू शिकलेला मानूस."

"मी अकोल्याले जाऊन सांगतो त्याईले."

"सांगजो. पन चार लोकाइत सांगनं येगळं असते, बापू."

ते राजापेठेकडे चालू लागले. धर्मपाल एक पाऊल मागे होता. समोरून टांगा आला तसे डोमाजी कडेला थांबले. त्यांच्या दोन्ही मुठी कमरेशी आल्या होत्या, एक पुढे, एक मागे, पाइप धरल्यासारख्या घट्ट आवळलेल्या. टांगा निघून गेला तरी त्यांनी त्या सोडल्या नाहीत.