कर्ण्यातून गेलेले आभार

मित्रांनो, मी फिरत्या तंबूतल्या सिनेमाचा एक जुना कर्णा आहे. जन्म कारखान्यातला, पण वाणी मला लाभली ती दौंड-शिरूरकडच्या जत्रांमध्ये.

मी तंबूबाहेर बांबूवर टांगलेला असे. चित्र मला दिसत नसे; वाट्याला आले ते संवाद. त्यांतील एक कोडे मला उलगडत नव्हते. नायक जमीनदारास शिव्या देई, तेव्हा शिट्ट्या वाजत आणि विरत. पण एखादा गडी नम्रपणे म्हणे, "मालक, दमला असाल. दुसऱ्याची जमीन आपल्या नावावर करणं, म्हणजे कष्टाचं काम," तेव्हा सारा तंबू हसे आणि ते हसू लवकर विरत नसे. एवढ्या आदरात एवढा दंश कोठून येतो?

उत्तर मिळाले १९९६ च्या चैत्रातील एका जत्रेत. वस्तीवरचा हापसा चार महिने बंद होता. धुरपदाबाईंची गरोदर सून, सुषमा, घोडनदीवरून हंडे वाही. सरपंच हौसरावांशी, म्हणजे गावाच्या आप्पांशी, धुरपदाबाई त्यावरून दोनदा भांडल्या. निष्पन्न एवढेच, की बाई तोंडाळ ठरली.

खेळापूर्वी मानकऱ्यांच्या सत्काराची प्रथा होती. त्या वर्षी सरपंचांना नारळ देण्याचा मान वस्तीकडे आला. चार रात्री तंबूबाहेर बसून संवाद ऐकणाऱ्या धुरपदाबाई उठल्या आणि माझ्यातून बोलल्या,

"आप्पा, तुमचं लई उपकार हायेत. हापसा बंद ठिवला, म्हणून आमच्या सुनंला रोज नदीचं दर्शन घडतंय. सातवा म्हैना हाय. पोटातल्या लेकरालाबी वाट पाठ झाली. देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो."

गाव हसले. हौसराव रागावणार कशावर? शब्दांत अपमान नव्हताच. तेही हसू लागले आणि मध्येच थांबले.

"मावशे, आधीच सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं व्हतं, आप्पा. पर तवा मी वरडत व्हते. तुम्हाला ऐकू आलं नसंल."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला घेऊन हौसराव स्वतः वस्तीवर गेले. पहिल्या पाण्याचा तांब्या धुरपदाबाईंनी त्यांच्याच हाती दिला, असे लोक माझ्याखाली बसून सांगत होते.

शास्त्रात अशा बोलण्याला व्याजस्तुती म्हणतात: वरून स्तुती, आत निंदा. पुढे घरोघरी टीव्ही आले, तंबू मोडला, आणि आज मी एका गोठ्याच्या माळ्यावर गंजत आहे. मला मानाने ठेवा, असे मी म्हणणार नाही. मित्रांनो, आदराचे शब्द मात्र जपा. माणसाचे ओरडणे मी कोसभर दूर नेले. समोरच्याच्या मनात ते एकदाही नेता आले नाही.