हर्षाचे दुखणे आणि माझ्यातले दही

मी एक जुना मातीचा बुडकुला, म्हणजे छोटे मडके आहे, मित्रांनो. डिचोलीच्या एका कुंभाराने मला चाकावर घडवले, भट्टीत भाजले. सिंधुदुर्गातून लग्न होऊन गोव्यातल्या मुळगावात आलेल्या सुलोचनाबाईंनी मला जत्रेत निवडले. तेव्हापासून त्या माझ्यात दही लावतात. पाहुणे ते खाऊन बोटे चाटत, आणि आम्ही दोघेही कौतुकाने फुगत असू.

मग घरात सून आली, हर्षा. तिच्या पोटात सारखा मुरडा येई. कधी जुलाब, कधी चार दिवस पोट साफ नाही. जवळच्या साखळी शहरात जायचे म्हटले की बसच्या भीतीनेच ती कोमेजे.

"काम चुकवूची सोंगां ती," सुलोचनाबाई शेजारच्या गंगाबाईंना सांगत. आत भांडी घासणाऱ्या हर्षाला ते ऐकू येई.

साखळीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. आतड्याला इजा नाही, पण ते फार हळवे झाले आहे, याला आयबीएस म्हणतात, असे ते म्हणाले. त्यांनी प्रोबायोटिकच्या कॅप्सूल दिल्या. "नेमाने घे. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. तुला येतो का बघू."

हळूहळू गुण आला. हर्षा एका शाळेतल्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी करू लागली. तेवढ्यात सुलोचनाबाईंना कळले, की त्या कॅप्सूलमध्ये जिवंत जंतू असतात.

"बाजारातले जंतू कित्याक गिळतंस गो? माझां दही खा पोटभर!"

"पण आई, डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टराक माझां दही ठावक नाय."

सासूचे मन मोडू नये म्हणून हर्षाने कॅप्सूल सोडल्या. दोन्ही वेळा तिच्या ताटात मोठी वाटी भरून दही पडू लागले. मलाही त्याचा अभिमानच वाटला.

मुलाखतीच्या दिवशी बसमध्येच तिच्या पोटात कळ उठली. ती मध्येच उतरली, शौचालयासाठी तिने एका अनोळखी घराचे दार ठोठावले आणि मुलाखतीला न जाताच ती परत आली. नोकरी दुसरीला मिळाली.  हर्षा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

या वेळी सुलोचनाबाई स्वतः तिच्यासोबत दवाखान्यात गेल्या. डॉक्टर म्हणाले, "दही चांगलंच, पण ते या औषधाच्या जागी चालत नाही. आणि एवढं दही हिला सोसतही नाही."

कॅप्सूल पुन्हा सुरू झाल्या. हर्षाला पूर्ण बरे वाटले नाही, पण दिवस सुसह्य झाले. सुलोचनाबाईंनी मात्र कितीतरी दिवस मला हात लावला नाही. मी रिकामा बसून होतो, आणि माझी फुशारकी मलाच टोचत होती.

एकदा गंगाबाईंनी विचारले, "सुनेक नोकरी मिळाली नाय काय? परत सोंग?"

सुलोचनाबाई म्हणाल्या, "सोंग नाय गे. तिचां दुखणां खरां होतां. नोकरी माझ्यामुळा गेली."

दाराशी उभी असलेली हर्षा पुढे आली आणि सासूशेजारी बसली. दोघीही रडत होत्या.

मित्रांनो, कुणी पोट दुखते म्हटले, तर आपले औषध पुढे करण्याआधी त्याचे ऐकून घ्या. बाहेरून न दिसणारे दुखणेही दुखतेच.