झिजलेला पाटा

“झिजला,” पाट्यावरून तळवा फिरवत रुख्मिणीबाई म्हणाल्या. “आरशावानी झाला बघ. मिरची वाटली जात न्हाई, नुस्ती घसरून राहिली.”

सुमनबाईला ते झोंबलं. थोरली सून म्हणून या घरात आल्यापासून तो पाटा तिनेच झिजवला होता. सासूच्या तोंडी हा शब्द विळ्याला येई, उंबऱ्याला येई, चपलेच्या टाचेलाही येई; वाटणाऱ्या हाताला मात्र कधी आला नाही. आणि धाकटी प्रियंका! लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं, पण तिची एक भाकरी टम्म फुगली की कौतुक शेजारपाजारी पोहोचायचं. सुमनबाई आतल्या आत जळायची.

गोरेगावच्या बाजाराला आलेली टाकीवाली दुपारी घरी येऊन, छिन्नीने ठोकून पाटा खडबडीत करून गेली. संध्याकाळी प्रियंकाचे वडील साखऱ्याहून लेकीला भेटायला येणार होते.

“अक्का, चटणी मी वाटू का? बाबाला लई आवडती,” प्रियंकाने विचारलं. तिच्या माहेरी सगळं मिक्सरवर चालायचं.

टाकी लावल्यावर पाट्यावर आधी कोंडा वाटून फेकून द्यावा लागतो. नाहीतर दगडाची कच वाटणात उतरते. सुमनबाईच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

“वाट की. तुझ्याच हाताला चव हाय म्हनत्यात ना.”

पाहुण्यांनी पहिला घास घेतला आणि चावता चावता ते थांबले. प्रियंकाचा चेहरा पडला. रुख्मिणीबाईंनी आपला घास कसाबसा गिळला.

“झाक झाली पोरी!” त्या म्हणाल्या. “इवाई, तिखट हाय, तुमाला सोसायची न्हाई. तुमी दही घ्या, ती इकडं द्या.” आणि पाहुण्यांच्या ताटातली चटणीही त्यांनी खाऊन संपवली.

पाहुणे अंगणात गेल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, “आधी कोंडा वाटावा लागतो, हे त्या लेकराला कोन सांगनार व्हतं?”

“मी,” सुमनबाई म्हणाली.

सासू हात धुऊन बाहेर गेली. अंगणातून प्रियंकाचं हसू ऐकू आलं, आणि आत्तासुद्धा ते सुमनबाईला टोचलंच. वाडग्यात थोडी चटणी उरली होती. तिने ती आपल्या भाकरीवर घेतली आणि चुलीपुढे एकटीच चावत बसली.