शकूच्या नावाचा तांब्या

मित्रांनो, न्यूझीलंडमधल्या अप्पर हट या शहरात, एका स्वयंपाकघराच्या खिडकीत मी राहतो. पितळेचा तांब्या. पोटाला एक पोचा, वय नव्वदीच्या जवळ.

साताऱ्याच्या एका तांबटानं मला घडवलं. शकू नावाच्या मुलीच्या लग्नात तिच्या मामानं माझ्यावर तिचं नाव कोरून मला आहेर म्हणून दिलं. तिचा नवरा केरबा पलटणीत होता. दुसऱ्या महायुद्धात तो निघाला तेव्हा ती पोटुशी होती. तिनंच मला त्याच्या सामानात घातलं.

आमचं जहाज सैनिकांनी भरलेलं होतं. भूमध्य समुद्रात, भर दुपारी, पाणबुडीनं सोडलेला टॉर्पेडो त्याला लागला. फुटलेल्या नळाच्या वाफेनं केरबाची छाती भाजली. तरी मला घेऊन तो एका होडीत उतरला. होडीला भोक पडलं होतं. एडिथ नावाची न्यूझीलंडची नर्स तिच्यात होती. केरबा मला घेऊन होडीतलं पाणी उपसू लागला. डोळ्यांदेखत जहाज बुडालं. पाण्यातल्या माणसांच्या हाका एकेक करून थांबल्या. तो उपसतच होता. हात चालेनासे झाले तेव्हा त्यानं मला एडिथकडे दिलं.

दुसऱ्या दिवशी मदत आली आणि त्या होडीतली एकोणीस माणसं वाचली. केरबा त्यांत नव्हता.

एडिथनं मला घरी आणलं. माझ्यावरची अक्षरं म्हणजे त्या सैनिकाचं नाव असेल, म्हणून ती भेटेल त्याला दाखवायची. वाचणारं कोणी मिळालं नाही. ती गेल्यावर मी गॅरेजमध्ये खिळे सांभाळत काळा पडलो.

गेल्या वर्षी शेजारी पुण्याची स्नेहलता राहायला आली. एडिथची म्हातारी मुलगी जोन मला धुऊन, माझ्यात फिजोआची फळं भरून तिच्याकडे गेली.

“किया ओरा!” जोननं माओरीत नमस्कार केला. “यंदा ढिगानं आलीत, घे.”

स्नेहलतानं फळं काढली आणि मला उजेडात धरलं.

“जोन, हे मराठी आहे! ‘चि. सौ. शकू हीस, मामाकडून. वाठार.’”

“शकू म्हणजे माझ्या आईच्या होडीतला तो सैनिक?”

“नाही. त्याची बायको असेल.”

साताऱ्याकडच्या वाठारला फोनाफोनी झाली. तीन आठवड्यांनी शकूची नात प्राची व्हिडिओवर आली. शकूला ‘बेपत्ता’ एवढीच तार मिळाली होती. ती शेवटपर्यंत कुंकू लावत राहिली.

प्राचीनं एकच विचारलं, “आजोबा शेवटी एकटे होते का हो?”

स्नेहलतानं ते इंग्रजीत सांगितलं. जोननं मला घट्ट धरलं.

“नाही म्हणावं. माझी आई सांगायची, त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. त्याला तिची भाषा कळत नव्हती, तरी ती त्याच्याशी बोलत राहिली.”

प्राची खूप वेळ रडली. जोन मला पाठवून देते म्हणाली, तर प्राचीनं नकारार्थी मान हलवली. “राहू दे तुमच्याकडे. आजोबांनीच दिलाय ना.”

मित्रांनो, जुनी भांडी मोडीत घालण्याआधी त्यांच्यावरची नावं वाचा. आणि न परतलेल्या कुणाबद्दल काही ठाऊक असेल, तर कितीही उशीर झाला तरी त्याच्या घरी कळवा. तिथं कुणीतरी अजून विचारत असतं.